चार नंबरला अकरा मार्क

हे मी लिहिणारच नव्हतो. काल बसमध्ये दोनदा सुरू केलं, दोनदा डिलीट केलं. कारण यात सगळ्यात मोठा पोपट माझाच झालाय, आणि स्वतःचा पोपट जगाला कोण दाखवतं? पण आता सकाळचे साडेआठ वाजलेत. दहाला दुकानाचं शटर वर जाणार आणि दहालाच मला एक फोन करायचाय. तोवर जमेल तेवढं टाइप करतो. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

मी सुदर्शन. वय सव्वीस. गाव वाशीम जिल्ह्यात, राहतो हडपसरला, काम वाईन शॉपच्या काउंटरवर. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं खपतं. क्वार्टर, बीअर, सोडा, चकलीची पाकिटं. वाईनचं कोपऱ्यात एक काचेचं कपाट असतं. त्यात बाटल्या धूळ खात उभ्या असतात आणि वर्षातून एकदा कोणीतरी बायकोच्या वाढदिवसाला येऊन म्हणतो, "एखादी रेड द्या, कडू नको."

मला त्या कपाटाचा नाद लागला. लेबल फाटलेली बाटली शेठ निम्म्या भावात द्यायचे, तिथून सुरुवात. मग यूट्यूब. मग एक दोनशे पानी वही. तीन वर्षांत एकशे बारा रेड वाईन चाखल्या, सगळ्या आठशेच्या आतल्या. कोर्स केलेला नाही, सर्टिफिकेट नाही. कोर्सची फी जेवढी आहे तेवढ्यात गावाकडे बोअर पडतो.

यूट्यूबवाला म्हणायचा, ब्लॅककरंटचा वास येतोय का बघा. मी आयुष्यात ब्लॅककरंट फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लंय.

इथे इमाद आला. इमाद माझा मित्र. आम्ही आधी एकाच कॉल सेंटरला होतो, आता तो रविवार पेठेत वडिलांच्या अत्तराच्या दुकानात बसतो. पीत नाही. वाईनचा ग्लास नाकाजवळसुद्धा नेत नाही. पण रविवारी दुपारी माझ्या खोलीवर येतो, माझे खारे शेंगदाणे संपवतो आणि मला पोलिसासारखे प्रश्न विचारतो.

"आत्ता कसला वास येतोय?"

"ब्लॅककरंट."

"खोटं बोलू नको. तुला आलेला सांग."

"जांभूळ. पण देठासकट."

"मग देठासकट लिही. दहा मिनिटांनी परत सांग."

अत्तर असंच बघतात म्हणे. मनगटावर लावायचं, थांबायचं, परत हुंगायचं. पहिल्या वासावर फक्त गिऱ्हाईक भुलतं. माझ्या वहीतली सगळी भाषा अशी इमादने दटावून काढलेली आहे. करवंद. उसाचं चिपाड. नव्या चपलेचा डबा. चहाची पत्ती चावल्यावर येतो तो तुरटपणा.

आणि मार्क वीसपैकी, पण किंमत धरून. हे महत्त्वाचं आहे. स्वस्त आणि वसूल यात फरक आहे. स्वस्त म्हणजे कमी पैशात आली. वसूल म्हणजे पैसे गेल्याचं दुसऱ्या दिवशी वाईट वाटलं नाही. चारशेची वाईन वसूल असू शकते, दोनशेची असतेच असं नाही. हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नाही. मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

माझ्या वहीतली लाडकी बाटली आहे चारशेवीस रुपयांची. दिंडोरीच्या पलीकडची एक छोटी वायनरी आहे, लेबल लग्नपत्रिकेसारखं, त्यावर सोनेरी द्राक्षं. इतकं वाईट लेबल की लोक बाटली हातात घेतात आणि परत ठेवतात. आत मात्र जांभूळ, मिरी, शेवटी चहापत्ती, आणि पहिला ग्लास संपायच्या आत दुसरा हवासा वाटतो. वहीत सोळा मार्क. हडपसरमधल्या निदान तीस घरांत ती माझ्यामुळे गेलीय.

तर.

महिन्यापूर्वी दुकानात नम्रता मॅडम आल्या. कल्याणीनगरला त्यांचं नवीन रेस्टॉरंट उघडतंय. कपाटातली चौदाशेची बाटली काढायला सांगितली. मी म्हटलं, "मॅडम, ही घेऊ नका. दीड वर्ष उभी आहे, दुपारचं ऊन थेट पडतं तिच्यावर. आत लोणचं झालं असेल."

शेठ तिकडून खाकरले.

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग काय घेऊ?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं. बिल झालं नऊशे रुपयांनी कमी, आणि शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण चार दिवसांनी मॅडमचा फोन. त्यांना हाउस रेड निवडायची होती. हाउस रेड म्हणजे गिऱ्हाईकाने नुसतं 'एक ग्लास रेड' म्हटलं की जी ओततात ती. अट एकच, बाटली सातशेच्या आत पडली पाहिजे. सहा वाईन, तीन परीक्षक, सगळं झाकून. मॅडम स्वतः, त्यांचे सल्लागार सार्थक सर, आणि तिसरा मी. बाटल्याही माझ्याच दुकानातून घ्यायच्या आणि मीच गुंडाळून आणायच्या.

"रोज दोनशे गुंडाळतोस ना? तेवढं कर. आणि चाखणं नीट जमलं तर फ्लोअरवर गिऱ्हाईकांची वाईन तूच बघायची. पगार बत्तीस हजार."

मला काउंटरवर सतरा मिळतात. आकडा सांगितला, आता पुढे कुठेही पैशाचं रडगाणं नाही. पण खरं सांगू, पगारापेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात होती. तिथे वाईनबद्दल बोलायचे पैसे मिळणार होते. इथे मी बोललो की शेठ खाकरतात.

सोमवारी संध्याकाळी मॅच होती, काउंटरवर ही गर्दी. एकीकडे गिऱ्हाईक, एकीकडे त्या सहा बाटल्या. पटापट गुंडाळल्या, मानेपर्यंत, वर रबर. हात आपोआप चालतात. डोळे बांधले तरी मी गुंडाळू शकतो.

मंगळवार. काल. दुपारी तीन.

रेस्टॉरंटमध्ये अजून रंगाचा वास होता. सार्थक सरांनी आल्या आल्या त्यावर आक्षेप घेतला, बरोबरच होता. मग खिडक्या उघडल्या, पंखे लावले. सर मूळचे नारायण पेठेतले, परदेशात जाऊन वाईनची परीक्षा देऊन आलेत, आता क्लास घेतात. त्यांनी मला विचारलं, "आपण कुठे शिकलात?"

"काउंटरच्या मागे, सर."

"वा. तिथे पदवीदान कधी असतं?"

"रोज रात्री दहाला. शटर पाडताना."

मॅडम हसल्या. सर नाही हसले, पण त्यांनी मला आपणवरून तू केलं, म्हणजे थोडं मान्य केलं असं मी धरलं.

बाटल्या उघडायला आणि ओतायला किचनच्या कौशल्याताई होत्या. फुरसुंगीच्या. त्यांनी आत जाऊन बूच, झाकणं काढली, कागदावर मार्करने स्वतःच्या मनाने एक ते सहा आकडे टाकले, म्हणजे कुठली कितवी ते मलाही कळू नये. बाटल्या टेबलावर मांडल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "निम्म्या नटून आल्यात, निम्म्या घरच्या साडीवर हायत."

सगळे हसलो. मीपण हसलो. गाढवासारखा हसलो.

चाखणं सुरू झालं. कोणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. मी इमादच्या पद्धतीने तीनदा हुंगत होतो. पहिली बरी. दुसरी एकदम गोल, छान. तिसरी पण मस्त, थोडी व्हॅनिला. चौथीला मी लिहिलं, हे जसंच्या तसं देतोय, 'पातळ. आंबट बाजू जास्त. शेवट नाही. ११.' पाचवी खोकल्याच्या औषधासारखी. सहावी जबरदस्त.

मॅडमनी बेरीज केली. सहा, दोन, तीन वर. चार, एक, पाच खाली. तिघांचंही जवळजवळ सारखंच. सर खुश झाले. "बघा, तिघं वेगळ्या वाटेने आले आणि एकाच ठिकाणी पोचले. जीभ खोटं बोलत नाही."

मग वरच्या तिघींचे कागद आधी काढले. सहावी निघाली इम्पोर्टेड, एकवीसशेची. ती फक्त तुलनेसाठी ठेवली होती. तिसरी साडेनऊशेची, तीही तुलनेलाच, बजेटच्या बाहेर. दुसरी सहाशेनव्वद. झालं, बजेटमध्ये बसली, दोन नंबर हाउस रेड.

"सुदर्शन," मॅडम म्हणाल्या, "रविवारपासून ये. युनिफॉर्मचं माप ताईंकडे दे."

मी 'थँक्यू मॅडम' म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ताईंनी चार नंबरचा कागद काढला.

सोनेरी द्राक्षं. लग्नपत्रिका.

मी माझ्या पानाकडे बघितलं. पातळ, शेवट नाही, अकरा. वहीत सोळा. तीस घरांत जी वाईन मी छातीवर हात ठेवून पाठवली तिला मी अकरा दिले होते. ओळखलीपण नाही.

आधी वाटलं, बाटली खराब असेल. गुपचूप उरलेला घोट घेतला. जांभूळ. मिरी. चहापत्ती. तिथेच होतं सगळं. दहा मिनिटांपूर्वीही तिथेच असणार.

मग टेबलावर पडलेले कागद दिसले. एका बाजूला तीन खाकी, एका बाजूला तीन वर्तमानपत्राचे. दोन, तीन, सहा खाकी. एक, चार, पाच पेपर.

आमच्या शेठचा नियम आहे. सहाशेच्या खालची बाटली रद्दी पेपरात, वरची खाकी कागदात. शेठ म्हणतात, वरचं गिऱ्हाईक बाटली दुसऱ्याच्या घरी घेऊन जातं, खालचं स्वतःच्या. तीन वर्षं हाताला तीच सवय. सोमवारच्या गर्दीत माझ्या हातांनी काय केलं ते माझ्या डोक्याला कळलंच नाही. किंमत झाकायला दिलेल्या बाटल्यांवर मी किंमत लिहून आणली होती. आणि मग तीच किंमत वाचून मार्क दिले. मीच.

आता इथे दोन रस्ते होते, आणि मी संत नाही हे आधीच सांगतो. पहिले दहा सेकंद मी गप्प होतो. युनिफॉर्मचं माप मनात देऊन झालं होतं. छाती अडतीस.

पण ती बाटली समोर होती. तिचा काही गुन्हा नव्हता. मी तिला माझ्या हाताने रद्दीत गुंडाळलं आणि मग तोंड वाकडं करून म्हणालो, शेवट नाही. हे मला गिळवेना.

"मॅडम, हे चाखणं रद्द करा."

"काय?"

"माझी चूक झाली. मी महागड्या खाकीत गुंडाळल्या आणि स्वस्त पेपरात. दुकानातली सवय. सगळ्यांना दिसत होतं."

सर हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं, मी रद्दी बघून मार्क दिले?"

"मीपण दिले, सर."

"तुझं तू बघ. मी पंधरा वर्षं हे करतोय."

"म्हणूनच म्हणतो, परत करू. पंधरा मिनिटं लागतील. ताई आत ओततील, बाटली बाहेर येणारच नाही. तुमची जीभ खोटं बोलत नसेल तर मार्क तेच येतील. मी सगळ्यांसमोर कान धरीन."

"जीभ थकते, बाळा. हे पाणीपुरीचं ताट नाही."

"सर, मी तीन वर्षं एका खोलीत पत्र्याखाली बसून हे केलंय. मला माझ्याच वाईनला अकरा दिल्याचं कळलंय. मला कळू द्या की मी तीन वर्षं काय केलं."

आवाज चढला माझा. चढायला नको होता, पण चढला. मॅडमनी घड्याळ बघितलं. "ताई, आत घ्या बाटल्या. पंधरा मिनिटं."

ताई आत गेल्या, जाताना पुटपुटल्या, "मी बोलले व्हते, नटून आल्यात."

या वेळी नुसते ग्लास आले. ग्लासाखाली चिठ्ठ्या, क ख ग घ च छ. बाटली नाही, कागद नाही. खोलीत कोणी हसत नव्हतं. सर आधीपेक्षा दुप्पट वेळ घेत होते. मीपण. आता जर परत अकरा आले असते तर वही जाळायची होती.

चिठ्ठ्या उलगडल्या. इम्पोर्टेड परत पहिली. चांगलीच होती ती, खोटं का बोलू. खोकल्याचं औषध परत शेवटचं, त्यालाही न्याय मिळाला. साडेनऊशेची मधेच कुठेतरी लटकली. दोन नंबर, म्हणजे निवडून आलेली हाउस रेड, तिला तेरा, तेरा आणि माझे बारा.

चार नंबरला मॅडमचे चौदा. माझे सोळा. सार्थक सरांचे पंधरा.

मी ओरडलो नाही. ओरडावंसं वाटलं.

सर म्हणाले, "उघडून सव्वा तास झाला. हवा लागली की अशा वाईन सुधारतात."

"सगळ्यांनाच लागली की सर हवा."

सर चष्मा पुसत बसले.

मला वाटलं, जिंकलो. आता मॅडम म्हणणार, चारशेवीसवाली घ्या. मी हिशेबसुद्धा मांडला, दोनशेवीसला ग्लास लावला तरी तुम्हाला सुटतं, आणि पुण्यात दोनशेवीसला इतकी चांगली रेड कुठेच मिळणार नाही, लोक त्यासाठी येतील.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "सुदर्शन, दोनशेवीसचा ग्लास लावला तर लोक वाईन नाही बघत, रेस्टॉरंट बघतात. म्हणतात, स्वस्तातली जागा दिसतेय. तूच आत्ता सिद्ध केलंस ना, लोक कागद पितात? मग मी त्यांना खाकी कागदच देणार. दोन नंबर. सव्वाचारशेला ग्लास."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. रेस्टॉरंट त्यांचं, पैसा त्यांचा, काय ओतायचं तो हक्क त्यांचा.

"ठीक आहे मॅडम," मी म्हटलं.

मग त्यांनी मेनूचं पान पुढे केलं. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'आमची हाउस रेड. तीन परीक्षकांनी डोळे झाकून चाखून एकमताने निवडलेली.' खाली तीन नावं. तिसरं माझं. बाजूला पहिल्या फेरीचा मार्कांचा तक्ता, त्याच्यावर सही करायची. तो फ्रेम करून बारमागे लावणार होत्या.

"दुसऱ्या फेरीचा?"

"तो सराव होता."

"मॅडम, 'डोळे झाकून' हे दोन शब्द काढा. मी आत्ता सही करतो."

मॅडम हसल्या. वाईट नाही हसल्या. "अरे, ते दोन शब्दच तर विकायचेत."

मग म्हणाल्या, "उद्या दहाला मेनू छापायला जातोय. तोवर सांग. सही असेल तर रविवारपासून ये. नसेल तर मला दुसरं नाव शोधावं लागेल आणि दुसरा माणूसही."

आता इथे हिरो असता तर पेन टेबलावर आपटून निघाला असता. मी म्हणालो, "उद्या सांगतो." आणि निघालो. हे पण लिहून ठेवतो.

खाली पार्किंगमध्ये सार्थक सर गाडी काढत होते. काच खाली केली. "पंधरा दिले ते बरोबर होते माझे," म्हणाले. "चांगली वाईन आहे ती."

"मग वर का नाही बोललात?"

"मी सही केली, सुदर्शन. माझे क्लास चालतात. पंधरा वर्षं हे करणारा माणूस रद्दीला फसला ही बातमी फार लवकर पसरते." काच वर केली. परत खाली केली. "ती मिळते कुठे?"

"आमच्याकडे. या. पेपरात बांधून देतो."

पहिल्यांदा हसले.

तिथून थेट रविवार पेठ. इमाद काउंटरवर होता, त्याचे वडील, शमशुद्दीन चाचा, गादीवर बसून एका गिऱ्हाईकाला कुप्या दाखवत होते. मी इमादला सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, शाब्बास. तो म्हणाला, "कर ना सही."

"काय?"

"एका कागदावर सही आहे यार. कोण वाचतं मेनूच्या खालचं? तिथे शिरलास की वर्षभरात तू म्हणशील ती वाईन लागेल. आता अडून बसलास तर आयुष्यभर क्वार्टर गुंडाळ."

"तू मला तीन वर्षं दटावलंस, तुला आलेला वास सांग म्हणून. आणि आता म्हणतोस खोटं लिही?"

"वास वेगळा, नोकरी वेगळी. मी कॉल सेंटरला माझं नाव रोज केव्हिन सांगायचो. मेलो का?"

आमचं भांडण हळू आवाजात चाललं होतं, दुकान होतं ना. तेवढ्यात गिऱ्हाईकाने दोन कुप्या उचलल्या. एक साधी काचेची, एक नक्षीची, वर सोनेरी बूच. दोन्ही हुंगून म्हणाला, "ही नक्षीवाली जास्त खोल आहे. हीच द्या." पैसे दिले, खुशीत गेला.

इमाद माझ्या कानात म्हणाला, "दोन्हीत एकच खस आहे. दुपारी मीच भरला, एकाच डब्यातून. बघ. चालतं हे जगात."

मी सरळ चाचांना विचारलं. आवाज परत चढलेला. "चाचा, हे फसवणं नाही?"

चाचांनी नक्षीच्या कुप्या फडक्याने पुसत पुसत सांगितलं, "बेटा, त्याला कुपी आवडली, त्याने कुपी घेतली. मी कुठे म्हणालो आतलं वेगळं आहे? विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि तो म्हणाला असता, लिहून द्या, यातलं भारी आहे म्हणून?"

"लिहून?" चाचांचा हात थांबला. माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी घाण बोललोय. "मग कुपी परत घेतली असती. पैसे परत दिले असते. लिहून कसं देणार? नाव दुकानावर माझं आहे."

इमादने मान खाजवली.

"अब्बा पण ना," तो म्हणाला. "नेमके मधे बोलतात."

"म्हणजे सही नको?"

"मी काय बोलू आता? मोठ्या कोर्टाचा निकाल लागला."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. त्याने चहा सांगितला. मी म्हटलं, नाही करत सही. म्हटल्यावर जीभ जागेवर आली. खरंच आली. चहात जास्तीचं आलं आहे हेसुद्धा कळलं. मॅडम वाईट नाहीत, त्यांनी त्यांचा खाकी कागद विकावा. पण त्या कागदावर माझं नाव नको. माझ्याकडे ना कोर्स आहे ना परदेशातली परीक्षा. माझ्याकडे आहे काय तर लोक हडपसरच्या काउंटरवर विचारतात, "सुदर्शन, खरं सांग, ही घेऊ का?" आणि मी खरं सांगतो. ते विकून बत्तीस हजार घेतले तर मी तिथे जाऊन बोलणार काय?

"मेसेज टाकतो मॅडमना," मी म्हटलं.

"मेसेज?" इमाद उखडला. "अबे, मेसेज टाकून पळणार तू. लिहिशील, 'काही घरगुती कारणामुळे जमणार नाही.' ओळखतो मी तुला. आज तिथे 'उद्या सांगतो' म्हणून पळालास तसाच."

त्याचं बरोबर होतं. मेसेज मी मनात लिहायला घेतलासुद्धा होता, आणि त्याची सुरुवात 'काही घरगुती' अशीच होती.

"मग काय करू?"

"बोल. तोंडाने. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगून म्हण. उद्या मला नंतर गोष्ट नको सांगू, की मॅडम घाईत होत्या, नेटवर्क नव्हतं."

"तू ये मग. उभा राहा बाजूला."

"दहाला मी दुकानात असतो. तू वचन दे."

चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दिलं. उद्या दहाला फोन करीन. शटर वर करून, काउंटरवर उभा राहून, शेठ शेजारी असले आणि खाकरले तरी. आधी सांगीन की कागदाची चूक माझी होती आणि चार नंबरला अकरा मीच दिले. मग सांगीन दुसऱ्या फेरीत किती दिले. मग सांगीन, सही नाही. याच क्रमाने सांगीन, एक शब्द गाळणार नाही, आणि सॉरी म्हणणार नाही.